कणगीला काठ असतो

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय की पुण्यात चौदा वर्षं सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहात, वहिनीही नोकरी करतात, फ्लॅटचे अजून नऊ वर्षांचे हप्ते आहेत, मुलगी चौथीत आहे. राधानगरी तालुक्यात भोगावतीच्या काठी वडिलोपार्जित दीड एकर जमीन आहे. वडील गेले, आई गावी एकट्या असतात. पैसा येतो पण जीव स्वस्थ नाही. सगळं सोडून गावी येऊन साधं राहिलो तर समाधान मिळेल का, आणि त्याला किती पैसे लागतील, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी २००१ साली चिंचवडच्या कारखान्यातली नोकरी सोडून गावी आलो. अकरा वर्षं मशीनवर उभा होतो. तेव्हापासून करवीर तालुक्यात नदीकाठी दोन एकर शेती आणि गोठ्यात दोन म्हशी, एवढ्यावर घर चाललंय. गेल्या दहा-बारा वर्षांत तुमच्यासारखी बरीच मुलं आमच्या सोप्यात येऊन बसली. काही गावात रुजली. बरीचशी दोन पावसाळे काढून परत गेली. कोण रुजलं आणि कोण गेलं हे जवळून पाहिलंय, त्यावरून लिहितो.

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हो असंच आहे. पण तुमच्या पत्रात ‘मोकळं’ हा शब्द चार वेळा आलाय, तिथं मला थांबावंसं वाटलं. मोकळी हवा, मोकळा वेळ, मोकळं मन, मोकळं जगणं. गाव तुम्हाला मोकळं करणार नाही. गाव बांधून घालतं. मला जे समाधान मिळालं ते त्या बांधून घेण्यातच मिळालं, आणि जी मुलं परत गेली ती बहुतेक मोकळं व्हायला आली होती.

म्हशीचंच बघा. आमच्या भागात घरटी एक-दोन म्हशी असतात, कुणाची मुऱ्हा, कुणाची लांब तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी. तिची धार पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला. रविवार नाही, आजारपण नाही, पाहुणे आले म्हणून उशीर नाही. दोन तास उशीर केला तर ती रेकून गल्ली जागी करते आणि तीनचार वेळा केला तर दूध चोरायला लागते. परक्या हाताला पान्हा सोडत नाही. म्हणजे सांगलीला लग्नाला गेलात तरी मुक्काम नाही, दुपारच्या जेवणावर उठायचं. पहिल्या वर्षी मला हे फार जड गेलं. कारखान्यात निदान आठवड्याची सुट्टी होती. इथं दावं म्हशीच्या गळ्यात आहे की माझ्या, असं मी आईला रागानं म्हणालो होतो. आई म्हणाली, “दोघांच्या बी हाय. त्याबिगर दूध कसं निघंल?”

ते कळायला मला दोन वर्षं लागली. म्हशीची गरज ठरलेली असते. दिवसाला वीस-पंचवीस किलो ओली वैरण, पाच-सहा किलो कडबा नाहीतर भाताचं पिंजर, दोन वेळचं खाद्य, पाणी, सावली. एवढं दिलं की ती खाली बसून रवंथ करते. तिला कालच्यापेक्षा आज जास्त नको असतं. शेजारच्या गोठ्यातली म्हैस काय खाते याची ती चौकशी करत नाही. तिच्या अंगाला हात लावून रोज दोनदा बसलं की हळूहळू आपल्यालाही कामाचा शेवट दिसायला लागतो. धार झाली, शेण काढलं, वैरण टाकली, संपलं. चिंचवडला असताना माझं काम कधी संपलंय असं मला वाटलेलंच नव्हतं. शिफ्ट संपायची, काम नाही.

हेच धान्याचं. दहा-बारा गुंठ्यांत भात केलं तर बऱ्या सालात पाच क्विंटलच्या आसपास भात निघतं, गिरणीतून सव्वातीन क्विंटल तांदूळ येतो. चार माणसांच्या घराला महिन्याला पंचवीस किलो धरला तर वर्षाचा हिशेब बसतो. आजीच्या काळात हे बांबूच्या कणगीत जायचं. आता आमच्याकडे पत्र्याची दोन पिंपं आहेत, त्यात कडुलिंबाचा पाला घालून भरतो. दिवाळीच्या पुढं-मागं पिंप काठोकाठ भरलं की आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, वरून हात फिरवते आणि झाकण लावते. त्या झाकणाच्या आवाजात जे आहे ते मला पगाराच्या मेसेजमध्ये कधी मिळालं नाही. कणगीला काठ असतो. भरली की भरली, आणखी ओतलं तर सांडतं. बँकेच्या खात्याला काठ नाही, ते कितीही भरा, अर्धंच दिसतं. तुमचा जीव स्वस्थ नाही त्याचं कारण तुम्ही हावरे आहात असं मला वाटत नाही. काठ दिसेल असं तुमच्यासमोर काही नाही, एवढंच मला वाटतं.

आता एक गैरसमज काढतो. गावात चढाओढ नाही, माणसं आहे त्यात सुखी असतात, असं तुम्ही लिहिलंय. हे खरं नाही. पुण्यात शेजाऱ्याचा पगार तुम्हाला माहीत नसतो. इथं कुणाचा ऊस किती टन गेला, कुणाच्या म्हशीला फॅट किती लागली, कुणी सोनं गहाण टाकलं, हे संध्याकाळपर्यंत पारावर येतं. एकानं स्लॅब टाकला की दुसऱ्याला कौलं टोचायला लागतात. लग्नात जेवणावळ हजाराची की दोन हजारांची, दारात चारचाकी आहे की नाही, वरातीला डॉल्बी किती तासांचा, यावर घरंच्या घरं कर्जात गेलेली मी बघितलीत. तेव्हा तुलना करायची सवय घेऊन याल तर इथं ती पुण्यापेक्षा जास्त चावेल, कारण समोरचा रोज दिसतो.

मी स्वतः त्यातून गेलोय. आल्या आल्या मला वाटलं, नोकरी सोडून आलोय, लोकांना काहीतरी करून दाखवलं पाहिजे. सहा महिन्यांत कर्ज काढून तीन म्हशी बाजारातून आणल्या. आई म्हणत होती एकच घे, तिची भाषा शीक. ऐकलं नाही. एक म्हैस वर्णन केल्याच्या निम्मं दूध द्यायची. दुसरीला पावसाळ्यात दगडी झाली, कास दगडासारखी कडक, दोन सडं कायमची गेली. तिसरी चार महिन्यांत आटली. हप्ता मात्र आटला नाही. दोन म्हशी पडत्या किमतीत विकल्या आणि उरलेलं कर्ज फेडायला मला पुढची तीन वर्षं सुगीच्या दिवसांत रोज रात्री दुसऱ्याच्या गुऱ्हाळात जळव्या म्हणून उभं राहावं लागलं.

पण त्या तीन सुगींनी मला बरंच शिकवलं. जळव्याचं काम म्हणजे चुलवाणात, गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीत, उसाची वाळली चिपाडं टाकत राहायचं. वर काहिलीत रस उकळत असतो, रानभेंडीचा चीक टाकून मळी वर आणतात, ती काढतात, आणि गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, फेस बघत उभा असतो. जाळ कमी पडला तर आदण रेंगाळतं, जास्त झाला तर गूळ काळा पडतो. काहिलीत काय चाललंय ते जळव्याला दिसत नाही. गुळव्या वरून हाक देईल तसं वागायचं. टनभर उसाला शंभर किलोच्या आसपास गूळ, एवढ्यासाठी सहा-सात माणसं एकमेकांच्या हाकेवर रात्रभर राबतात. पहाटे थंडीत वाटीभर गरम काकवी मिळायची. कर्जबाजारी होतो, पायात धड चप्पल नव्हती, तरी त्या पहाटे मी दुःखी नव्हतो. का नव्हतो, याचा विचार मी पुढं बरीच वर्षं केला. मला जागा होती. मी नसतो तर चुलवाण विझलं असतं.

पाण्याचीही तीच गोष्ट. तुमची जमीन भोगावतीच्या काठी आहे म्हणून उन्हाळ्यातही हिरवी राहते. ते पाणी राधानगरीच्या धरणातून येतं. शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी ते धरण मनावर घेतलं नसतं तर आपली नदी फाल्गुनातच आटली असती. पुढं बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात, त्यावर उपसा योजना, त्यावर पाणी वाटून देणारा पाटकरी, आणि मग तुमची पाळी. पाळी कधी रात्री दोनला येते. वरच्या शेतकऱ्यानं पाटाचं मातीचं दार मोडून पाणी खाली सोडलं तर तुमच्या सरीत पाणी. स्वतःच्या मळ्यात स्वतःच्या मर्जीनं राहीन, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा जो विचार तुमच्या पत्रात आहे तो इथं पहिल्याच पाळीला ओला होईल.

भांगलणीला, म्हणजे तण काढायला, आणि भात कापणीलाही आम्ही पैरा करतो. आज तुम्ही माझ्या रानात, परवा मी तुमच्या. पैशाची देवघेव नाही, दिवसाला दिवस फेडायचा. शहरातून आलेल्या मुलांना वाटतं मजूर लावून मोकळं व्हावं. लावता येतो, परवडला तर. पण पैऱ्यात न उतरलेल्या घराकडे गाव पाहुणा म्हणूनच बघतं, आणि पाहुण्याला चहा मिळतो, मदत मिळेलच असं नाही. पहिल्या वर्षी तुमचं काम वाईट होईल. विळा हाताला लागेल, बायका हसतील. तरी उतरा.

आता जे सांगतो ते सहसा कुणी लिहीत नाही, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. साधं जगणं बहुतेक घरांत बाईच्या कमरेवर उभं असतं. मी आलो तेव्हा मंडळी पहाटे पाचला उठायची. शेण, शेणी म्हणजे गोवऱ्या थापणं, चूल, डबा, वैरणीचा भारा, दुपारी भांगलण, परत चूल. मी पारावर बसून गावाकडे कसं समाधान आहे ते मित्रांना सांगायचो. चौथ्या वर्षी तिची कंबर धरली, महिनाभर अंथरूण सुटेना, आणि ती सगळी कामं माझ्यावर आली तेव्हा आठव्या दिवशी मला रडू फुटलं. माझं समाधान तिच्या दुखण्यावर उभं होतं. त्यानंतर दोन्ही वेळची धार आणि शेण माझ्याकडे आलं, गॅस आला, दळण-कांडपासाठी डोक्यावरचं ओझं बंद झालं. तेव्हा वहिनींना खरंच यायचं आहे का, हे तुम्ही विचारलंत का? पत्रात त्यांच्याबद्दल ‘तिचीही तयारी आहे’ एवढंच आहे. तयारी असणं वेगळं आणि मन असणं वेगळं. त्यांची नोकरी घरून चालण्यासारखी असेल तर ती सोडायला लावू नका. साधेपणासाठी बाईनं स्वतःची कमाई सोडावी असं मला मुळीच वाटत नाही.

तसंच, ज्यांना दुसरा मार्गच नाही त्यांच्या साधेपणाला समाधान म्हणू नका. आमच्याकडे भांगलणीला येणारी मावशी भूमिहीन आहे. तिच्या घरात भांडी कमी आहेत ती तिनं सोडून दिलेली नाहीत, घेताच आलेली नाहीत. तुम्ही-आम्ही पगार उपभोगून, परतीचा रस्ता ठेवून साधे होतो. तिच्यासमोर गरजा कमी करण्याचं बोलू नका, तिची मजुरी वेळेवर द्या.

आता पैशाचं. आमचं घर चार माणसांचं. तांदूळ, नाचणी, थोडी तूर, शेंगदाणा, परड्यातलं माळवं म्हणजे भाजीपाला, दूध आणि वर्षाचा गूळ घरचा. तरीही महिन्याला रोख अठरा ते वीस हजार लागतात. तेल, चहा, गॅस, वीज, पेट्रोल, मोबाईल आणि औषधं यांत निम्मे जातात. उरलेल्यात सगळ्यात मोठी रक्कम कशाची असेल तर आहेराची. लग्न, बारसं, वास्तुशांत, दहावं, गावची म्हाई म्हणजे जत्रा, जोतिबाच्या चैत्र यात्रेला सासनकाठीची वर्गणी. शहरातून आलेली मुलं इथं कात्री लावू पाहतात. तिथं लावू नका, दुसरीकडे लावा. ते पैसे तुमच्या आजारपणात, पुरात, म्हातारपणी माणसं होऊन परत येतात.

येणाऱ्या पैशाचा वेग समजून घ्या. उसाचे पैसे वर्षातून एकदा गठ्ठ्यानं येतात. वीस गुंठ्यांत ऊस चांगला साधला तर वीस टन निघेल, आणि आडसाली लावलात तर तो सोळा-अठरा महिने रान अडवून बसतो. कायद्यानं एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, चौदा दिवसांत द्यायची असते, पण तोड तुमच्या रानात कधी येईल हे तुमच्या हातात नसतं. त्यातून लागण, खत, पाणीपट्टी वजा करा. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, आणि आपल्या जिल्ह्यात घर चालतं ते त्या दहा दिवसांवर. १९६३ साली गोकुळ दूध संघ उभा राहिला तेव्हापासून हजारो घरांची चूल त्या बिलावर पेटतेय, दिवाळीला दुधाच्या दराचा फरक मिळतो त्यात पोरांचे कपडे होतात. मात्र सहा-सात लिटर देणाऱ्या म्हशीच्या दुधाच्या पैशातलं निम्मं, कधी त्याहून जास्त, खाद्यातच जातं, आणि वर्षातले काही महिने ती भाकड असते. म्हणून दोन म्हशी ठेवायच्या, एक आटताना दुसरी विते अशा. पण पहिल्या वर्षी एकच. आईंच्या ओळखीतली, गावातलीच, जिची आई आणि आजी लोकांनी बघितली आहे अशी.

तुमच्या दीड एकराचा मी असा विचार करीन. वीस गुंठे ऊस, बारा गुंठे भात, आठ-दहा गुंठे गवत आणि वैरण, बाकीच्यात भुईमूग, कडधान्य आणि परडं. भात रोहिणीत धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या जमिनीतच, पेरायचं, पुढं पाऊस लांबला तरी बी जमिनीत गेलेलं असतं. सगळं एकदम सेंद्रिय करायला जाऊ नका. शेणखत वाढवत न्या, रासायनिक हळूहळू उतरवा, तीन-चार वर्षं घ्या. विषमुक्त भाजीचा व्यवसाय, शेतावरचं पर्यटन, हुरडा पार्टी असल्या योजना पहिली तीन वर्षं डोक्यातही आणू नका. त्यांत वाईट काही नाही. पण तुम्ही ज्या धावपळीला कंटाळलात ती त्या वाटेनं मागून घरात येते.

आणि सगळ्यात आधी, कर्ज. नऊ वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन समाधान शोधायला येऊ नका. फ्लॅट भाड्यानं देऊन हप्ता भागत असेल तर ठीक, नसेल तर विकून मोकळे व्हा किंवा आणखी दोन-तीन वर्षं नोकरी करून कर्ज खाली आणा. गावी घर बांधू नका, आहे ते शाकारून घ्या. दवाखान्याचा विमा आणि दोन वर्षांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा नको. सातबाऱ्यावर वारस नोंद झाली आहे का तेही बघा. भाऊ-बहिणी असतील तर वाटणीचं बोलणं येण्याआधी करा, आल्यावर केलं की त्याला भांडणाचा वास येतो.

मुलीच्या शाळेबद्दल फार लिहीत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा चांगल्या आहेत आणि वाईटही आहेत, ते गुरुजींवर असतं, स्वतः जाऊन वर्गात बसून बघा. आमचा मुलगा इथं शिकला आणि आता पुण्यातच नोकरीला आहे. त्याला गावात राहायचं नव्हतं, मी अडवलं नाही.

पुराचं सांगतो, कारण नदीकाठी राहणाऱ्यानं पुराशिवाय बोलूच नये. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे आपल्याकडे पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये परत गेलं. २०१९ ला आई कोल्हापुरात दवाखान्यात होती, मी तिच्याजवळ. राधानगरीचे दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि दुपारनंतर आमच्या गावचा रस्ता बंद झाला. घरी मंडळी एकटी, गोठ्यात दोन म्हशी आणि एक रेडकू.

आमच्या शेजारच्या रानवाल्याशी आमचं दहा वर्षं बोलणं नव्हतं. बांधावरून वाद होता, हात-दीड हात जमिनीचा. त्या रात्री पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलं तेव्हा दारात तोच उभा राहिला. एवढंच म्हणाला, “वहिनी, म्हसरं सोडा. माळावर न्यायची.” त्यानं आमची दावी स्वतःच्या हातानं सोडली, रेडकू खांद्यावर घेतलं, आणि स्वतःच्या जनावरांबरोबर आमची माळावरच्या त्याच्या मेहुण्याच्या शेडमध्ये नेऊन बांधली. म्हशी परक्याला पान्हा सोडेनात म्हणून मंडळी रोज दोन वेळ तिथं जायची. दुधाची गाडी येत नव्हती, पुणे-बंगळूर रस्ता सुद्धा शिरोलीजवळ पाण्याखाली होता, तेव्हा सगळं दूध शाळेत आसऱ्याला आलेल्या पोरांना दिलं. मी आठव्या दिवशी आईला घेऊन पोचलो. भात गेलं होतं, गोठ्याची एक भिंत गेली होती, पिंपातला तांदूळ खालून हातभर भिजून आंबला होता. म्हशी होत्या. बांधाची मोजणी आणायचं मी त्यानंतर कधी मनात आणलं नाही. बांध आहे तिथंच आहे.

तुम्ही विचाराल, यात समाधान कुठं आहे, हे तर संकट झालं. त्या वर्षी आमच्या हातात काही नव्हतं, आणि तरी त्या दिवाळीला मला जेवढं भरल्यासारखं वाटलं तेवढं चांगल्या सालातही वाटलं नव्हतं. गल्लीतल्या सहा घरांनी मिळून आमची भिंत उभी केली. गवंड्याची मजुरी सोडली तर पैसे लागले नाहीत. पुढच्या दीड वर्षात मी ते दिवस एकेका घरी जाऊन फेडले, कुणाच्या भातकापणीला, कुणाच्या लग्नाच्या मांडवाला. फेडण्यासारखं काही असणं ही मोठी गोष्ट आहे, हे मला तेव्हा कळलं. कोल्हापुरात तर माणूस गेल्यावरही हे सुटत नाही. पंचगंगेच्या स्मशानात दहनाला पैसे घेत नाहीत, आणि होळी लहान करून लोकांनी दान दिलेल्या शेणी तिथं सरणाला वापरतात. आमच्या घरच्याही शेणी दरवर्षी जातात. मंडळीच्या आणि आता माझ्या हातच्या.

पत्रात एक गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात, तिच्यापाशी परत येतो. आई गावी एकट्या असतात. तुम्ही ज्या जगण्याबद्दल मला विचारताय ते त्या आज जगताहेत, आणि तुम्ही मला विचारताय. त्यांच्याकडे म्हैस आहे का? पाण्याची पाळी कोण बघतं? रात्री बरं वाटेनासं झालं तर त्या कुणाच्या दारावर थाप मारतात? हे तुम्हाला माहीत नसेल तर नोकरी सोडण्याचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि रजा काढा. मे महिन्याच्या शेवटी या, रोहिणीची पेरणी आईंबरोबर करा. जमलं तर आषाढात कोल्हापूरच्या टेंबलाई देवीला नवं पाणी घालायला त्यांच्याबरोबर जा, बेंदराला, बैलांच्या सणाला, गावात असा. आठवड्याच्या बाजाराला पिशवी तुम्ही धरा आणि काही सुचवू नका. त्या काय घेतात, काय हातात घेऊन परत ठेवतात, वाटेत कुणाकुणापाशी थांबतात, ते बघा. घरी आल्यावर त्यांना विचारा की एवढं पुरतं का. त्या काय म्हणतात ते मला लिहा, मग आपण म्हशीचं आणि उसाचं पुढचं बोलू.